एका शिट्टीचं वजन

११ जून २०२४. दोह्याच्या जासिम बिन हमद स्टेडियमवर भारत कतारविरुद्ध १-० नं पुढे होता. २०२६ च्या विश्वचषकासाठीच्या पात्रता फेरीतला हा भारताचा गटातला शेवटचा सामना. ३७व्या मिनिटाला लालियानझुआला छांगटेनं गोल केला होता. कतार आधीच पुढच्या फेरीत पोचला होता, भारताला मात्र विजय हवाच होता. ७३व्या मिनिटाला कतारच्या युसुफ आयमननं हेडर मारला, गुरप्रीतसिंग संधूनं तो अडवला, आणि चेंडू गोलखांबाच्या बाजूनं अंतिम रेषेपलीकडे घरंगळला. भारतीय खेळाडू थांबले. कतारच्या खेळाडूनं रेषेबाहेरचा चेंडू पायानं आत ओढला, आयमननं तो जाळ्यात ढकलला आणि पंचांनी गोल दिला. दक्षिण कोरियाचे पंच किम वू-सुंग यांच्याभोवती भारतीय संघ गोळा झाला, पण निर्णय बदलला नाही. ८५व्या मिनिटाला कतारनं दुसरा गोल केला. त्याच दिवशी कुवेतनं अफगाणिस्तानला १-० नं हरवलं. भारत जिंकला असता तर ८ गुण झाले असते आणि कुवेत ७ वर राहिला असता. प्रत्यक्षात भारत ५ गुणांवर राहून बाहेर पडला.

जळगाव जिल्ह्यातलं मुक्ताईनगर, म्हणजे जुनं एदलाबाद, हे फुटबॉलचं गाव नाही. क्रिकेट, कबड्डी आणि जत्रेतली कुस्ती यांच्यात वाढलेला हा तालुका. तरी इथली पोरं मोबाइलवर सामने बघतात, आणि शेतीची वीज रात्रीची असली की केळीला पाणी द्यायला गेलेला माणूस मध्यरात्रीचा सामनाही बघतो. त्या जूननंतर चहाच्या टपरीवर ज्यांना छांगटे कोण हे ठाऊक नव्हतं, तेसुद्धा त्या गोलावर बोलले. ‘चेंडू बाहेर होता भो, दिसत होतं सगळ्यांना!’ हे खरंच होतं. पण ‘सगळ्यांना दिसत होतं’ ही गोष्ट फुटबॉलमध्ये वाटते तितकी सोपी नसते. ती का नसते, हे समजून घेतलं तर पंचांवरचे निम्मे वाद वेगळ्या पद्धतीनं घालता येतील, आणि उरलेले निम्मे का मिटत नाहीत तेही कळेल.

चेंडू बाहेर कधी जातो? नियम असा आहे की रेषा मैदानाचाच भाग, आणि संपूर्ण चेंडू संपूर्ण रेषेच्या पलीकडे गेला तरच तो बाहेर, मग तो जमिनीवर असो वा हवेत. चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर असतो, म्हणजे व्यास साधारण २२ सेंटिमीटर. चेंडू जमिनीला ज्या ठिकाणी टेकतो तो बिंदू रेषेच्या बाहेर दहा सेंटिमीटर असला, तरी चेंडूचा फुगीर भाग अजून रेषेच्या वर असतो. नियमानं तो चेंडू मैदानात आहे. बाजूनं बघणाऱ्याला मात्र चेंडू आणि रेषा यांच्यामध्ये हिरवं गवत दिसतं आणि तो शपथेवर सांगतो, बाहेर!

हे नेमकं १ डिसेंबर २०२२ ला घडलं, आपल्याकडे तेव्हा २ डिसेंबर उजाडला होता. कतारच्या विश्वचषकात जपान विरुद्ध स्पेन. काओरु मितोमानं अंतिम रेषेवरून चेंडू मागे वळवला आणि आओ तानाकानं गोल केला. टीव्हीवर चेंडू बाहेर गेल्यासारखाच दिसत होता. वरच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यावर चेंडूची कड रेषेवर राहिली होती, अगदी दोन मिलिमीटरच्या आत. गोल ग्राह्य धरला गेला, जपान २-१ नं जिंकला. त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर जर्मनीनं कोस्टारिकाला ४-२ नं हरवलं होतं. त्या सामन्याच्या पंच होत्या फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार, पुरुषांच्या विश्वचषकात मुख्य पंच झालेल्या पहिल्या महिला. जपान-स्पेन सामना बरोबरीत सुटला असता तर जर्मनी पुढे गेली असती. चार वेळा जगज्जेता झालेला देश दोन मिलिमीटरनं घरी गेला, आणि तो निर्णय बरोबर होता.

दोह्यात जून २०२४ मध्ये निर्णय चूक होता, कारण तिथे संपूर्ण चेंडू बाहेर गेला होता. दोन्ही प्रसंगांत नियम एकच, प्रश्न एकच. फरक इतकाच की एका ठिकाणी तपासायला कॅमेरे होते आणि दुसऱ्या ठिकाणी व्हीएआर, म्हणजे पंचांना मदत करणारी व्हिडिओ यंत्रणा, नव्हती. रेषेवरच्या साहाय्यक पंचाच्या आणि चेंडूच्या मध्ये खेळाडूंचे पाय होते. गोलरक्षक आडवा पडलेला होता. घरात बसलेल्या प्रेक्षकाला जे चार कोनांतून, हळू गतीत, तीनदा दिसतं, ते पंचाला एका कोनातून, पूर्ण वेगात, एकदाच दिसतं. हे पंचाचं समर्थन म्हणून सांगत नाही. त्या चुकीनं एका संघाची चार वर्षांची तयारी गेली आणि त्याचं दुःख खरं आहे. पण ‘रेफ्री विकला गेला’ हे म्हणायला पुरावा लागतो. चेंडू पंचाला दिसू शकत नव्हता, हे म्हणायला त्या गर्दीचं एक छायाचित्र पुरतं.

ऑफसाइडचं गणित आणखी अवघड. पास देणाऱ्याच्या पायातून चेंडू सुटतो त्या क्षणी पुढचा खेळाडू बचावपटूंच्या तुलनेत कुठे होता, हे बघायचं. म्हणजे साहाय्यक पंचानं एकाच क्षणी तीस मीटर अंतरावरच्या दोन जागा बघायच्या. जोरात धावणारा खेळाडू सेकंदाला आठ मीटर जातो असं धरा. नजर एका जागेवरून दुसरीकडे वळायला सेकंदाचा दहावा भाग लागला, तर तेवढ्यात तो ८० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. बचावपटू उलट्या दिशेनं बाहेर पळत असेल तर दोघांतलं अंतर दीड मीटरहून जास्त बदलतं. शिवाय पंच बचावपटूच्या बरोबर रेषेत उभा नसेल, एखादा मीटर पुढे-मागे असेल, तर त्याला तिरकं दिसतं. २००० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात डच संशोधकांनी हेच दाखवलं होतं: ऑफसाइडच्या पुष्कळशा चुका पंचाच्या उभं राहण्याच्या कोनातून येतात. टीव्हीचा मुख्य कॅमेरासुद्धा मैदानाच्या मध्यावर असतो, त्यामुळे गोलजवळची रेषा आपल्यालाही तिरकीच दिसते.

म्हणूनच २०२२ च्या विश्वचषकात छताखाली १२ कॅमेरे लावले गेले. प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू ते सेकंदाला ५० वेळा टिपत होते, आणि चेंडूच्या आतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. त्या विश्वचषकात सौदी अरेबियाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात अर्जेंटिनाचे तीन गोल पूर्वार्धात ऑफसाइड ठरून रद्द झाले, त्यातला एक मेस्सीचा. अर्जेंटिना तो सामना १-२ हरला. पुढे अर्जेंटिना जगज्जेता झाला तेव्हा ‘फिफाला मेस्सीलाच कप द्यायचा होता’ असं छातीठोक सांगणारे खूप भेटले. त्यांनी या तीन गोलांचा हिशोब कुठे मांडलेला मी ऐकला नाही.

मग मुळात फुटबॉलमध्येच पंचावर इतका राग का? कबड्डीत पंच चुकत नाहीत का? चुकतात. पण कबड्डीच्या एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून साठ-सत्तर गुण सहज होतात. एक बोनस चुकीचा दिला तर पुढच्या तीन चढायांत भरून निघतो. क्रिकेटमध्ये एक वाइड चुकली तर तीनशे धावांत एक धाव इकडेतिकडे होते. फुटबॉलचं तसं नाही. २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे सामन्यामागे तीनसुद्धा नाहीत. पेनल्टी मिळाली की चारपैकी तीन वेळा गोल होतो. एका शिट्टीनं जवळपास पाऊण गोल हातात मिळतो, आणि अख्ख्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून गोल असतात दोन-तीन. पंचाच्या एका निर्णयाला एवढं वजन देणारा दुसरा लोकप्रिय मैदानी खेळ मला माहीत नाही. याच कारणानं फुटबॉलमध्ये दुबळा संघ बलाढ्य संघाला इतर खेळांपेक्षा जास्त वेळा हरवतो, आणि याच कारणानं हा खेळ जगभर एवढा आवडतो. गोल दुर्मीळ आहेत म्हणून गोलाची किंमत आहे आणि म्हणूनच शिट्टीचीही.

एक काळ असा होता की मैदानात तटस्थ पंचच नव्हता. इंग्लंडमध्ये सुरुवातीला दोन्ही संघ आपापला एक अंपायर आणत. खेळाडूंनी दाद मागितली की ते निर्णय देत, क्रिकेटमध्ये ‘हाउज दॅट’ म्हणतात तसं. दोघांचं जमलं नाही तर मैदानाबाहेर बसलेल्या तिसऱ्याकडे, रेफ्रीकडे, प्रश्न जाई. १८९१ मध्ये रेफ्रीला मैदानात आणलं गेलं आणि दोन अंपायरांना रेषेवर पाठवलं गेलं. पेनल्टी किकही त्याच वर्षी आली. तिची कल्पना आयर्लंडच्या विल्यम मॅक्रम या गोलरक्षकाची. दोन पक्षांचे दोन पंच ही व्यवस्था मोडून एका तटस्थ माणसाच्या हाती सगळं दिलं, तिथून आजच्या भांडणांची सुरुवात होते. पिवळं आणि लाल कार्डही अशाच एका गोंधळातून आलं. १९६६ मध्ये इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जर्मन पंचांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रातीन याला बाहेर काढलं, आणि दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. केन ॲस्टन या इंग्रज पंचाला त्यानंतर चौकातल्या सिग्नलवरून रंगीत कार्डांची कल्पना सुचली. १९७० च्या विश्वचषकात कार्डं वापरात आली.

आता खरी मेख. फुटबॉलच्या १७ नियमांत दोन जातीचे प्रश्न आहेत. पहिल्या जातीचे प्रश्न वस्तुस्थितीचे: चेंडू रेषेपलीकडे गेला का, खेळाडू ऑफसाइड जागेत होता का, फाउल पेनल्टीच्या चौकटीत झाला की बाहेर. त्यांना एकच बरोबर उत्तर असतं आणि यंत्र ते शोधू शकतं. २०१० मध्ये जर्मनीविरुद्ध फ्रँक लॅम्पार्डचा फटका आडव्या खांबाला लागून गोलरेषेच्या चांगला आत पडला आणि पंचांना दिसला नाही. तो दिला असता तर २-२ झालं असतं. इंग्लंड शेवटी ४-१ नं हरलं. दोन वर्षांत गोलरेषेचं तंत्रज्ञान मंजूर झालं. तेव्हापासून जिथे ते तंत्रज्ञान आहे तिथे ‘गोल झाला की नाही’ हा वाद जवळपास संपला. पंचाच्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं, बस्स.

दुसऱ्या जातीचे प्रश्न मताचे. धक्का निष्काळजी होता की बेदरकार? हात शरीराला लागून नैसर्गिक जागी होता की त्यानं शरीर अनैसर्गिकपणे मोठं केलं? ऑफसाइड जागेतल्या खेळाडूनं चेंडूला स्पर्श केला नाही, पण गोलरक्षकाच्या नजरेत आला का? नियमपुस्तकच इथे पंचाचं मत मागतं. पाचव्या नियमात स्पष्ट आहे की पंचानं नियम आणि खेळाची भावना यांना धरून, आपल्या परीनं उत्तमात उत्तम निर्णय द्यायचा आणि तो आपल्या मतानुसार द्यायचा. हजार कॅमेरे लावले तरी चेंडू हाताला लागला एवढंच ते दाखवतील. हात तिथे असायला हवा होता का, हे कॅमेऱ्याला विचारून उपयोग नाही. हाताला लागलेला प्रत्येक चेंडू हँडबॉल नसतो, हे आपल्याकडच्या निम्म्या चाहत्यांना अजून पटत नाही.

२०१८ च्या विश्वचषकात व्हीएआर आलं तेव्हा वाटलं होतं की वाद मिटले. मुळात चारच बाबींसाठी ते आणलं गेलं: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड, आणि भलत्याच खेळाडूला कार्ड दिलं जाणं. त्यातही मताच्या प्रश्नात हस्तक्षेप करायचा तो चूक ‘स्पष्ट आणि उघड’ असेल तरच. आता चूक स्पष्ट होती की नाही हेसुद्धा मतच! क्रिकेटच्या प्रेक्षकाला ‘अंपायर्स कॉल’ आठवेल. चेंडू यष्टीला निम्म्याहून कमी लागत असेल तर मैदानातल्या अंपायरचा मूळ निर्णय कायम राहतो. क्रिकेटनं संशयाला निदान एक आकडा दिला. फुटबॉलनं संशय माणसाकडेच ठेवला. मला फुटबॉलचा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो, कारण धडक किती जोरात होती याचा आकडा काढता येतो, पण ती टाळता आली असती का याचा काढता येत नाही.

भारतातलं याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण ३ मार्च २०२३ चं आहे. इंडियन सुपर लीगचा बादफेरीचा सामना, बेंगळुरू एफसी विरुद्ध केरळ ब्लास्टर्स, कांतीरवा स्टेडियम. जादा वेळेत, ९६व्या मिनिटाला, सुनील छेत्रीनं फ्री किक पटकन घेऊन टाकली. केरळचा गोलरक्षक अजून भिंत लावत होता. पंचांनी गोल दिला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी आपल्या खेळाडूंना मैदानाबाहेर बोलावलं आणि संघ परतलाच नाही. पुढे महासंघाच्या शिस्तपालन समितीनं क्लबला ४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, प्रशिक्षकांवर १० सामन्यांची बंदी आणि ५ लाखांचा दंड. नियम काय सांगतो? प्रतिस्पर्ध्यांनी ९.१५ मीटर लांब जायला हवं, पण त्यांना तेवढं लांब जाऊ देण्याची वाट पाहणं हे फ्री किक घेणाऱ्यावर बंधनकारक नाही. पटकन घ्यायची मुभा आहे. मात्र पंचानं ‘थांब, मी शिट्टी वाजवतो’ असं सांगितलं असेल, भिंत मागे सरकवायला सुरुवात केली असेल, तर शिट्टीशिवाय घेता येत नाही. म्हणजे सगळा वाद गोलाचा नव्हताच. त्या काही सेकंदांत पंच आणि छेत्री यांच्यात काय ठरलं, हा वाद होता. ते मैदानातल्या दोघांनाच ऐकू आलं आणि लाखो लोकांनी त्यावर मत दिलं.

खान्देशाला हा अनुभव कुस्तीतून आहे. मातीतल्या कुस्तीत निकालाची खूण साधी असते: पाठीला माती लागली की चीतपट. दंगलीत वाद झाला तर पंच पहिलवानाला वळवून पाठ बघतात, गर्दीही बघते. गुण नाहीत, घड्याळाची घाई नाही, निकाली होत नसेल तर बरोबरीत सोडवायची. गादीवरच्या कुस्तीत माती नाही. तिथे दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकले की नाही हे नजरेनं ठरवायचं. २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाच्या कुस्तीत पृथ्वीराज मोहोळनं शिवराज राक्षेला चीत केल्याचा निर्णय झाला. राक्षेचं म्हणणं होतं की आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ बघा. वाद वाढला आणि त्यानं पंचाला लाथ मारली. नंतर अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडही पंचांच्या निर्णयावर नाराज होऊन मैदान सोडून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी ठरला, राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. खांदा टेकला की नाही हा पहिल्या जातीचा, वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. तो कॅमेरा सोडवू शकतो आणि म्हणून तिथे चित्रफीत बघण्याची मागणी रास्त होती. पंचावर पाय उचलणं कुठल्याच अर्थानं रास्त नव्हतं. या दोन वाक्यांमध्ये ‘पण’ टाकून एकाला दुसऱ्यानं झाकू नये असं मला वाटतं. दोन्ही आपापल्या जागी पूर्ण खरी आहेत.

कुस्ती आणि फुटबॉल यांचं नातं महाराष्ट्रात एका शहरानं जोडून ठेवलंय. कोल्हापुरात फुटबॉल संघांची नावंच तालमींची आहेत: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर यांच्यातला सामना असला की पेठाच्या पेठा येऊन बसतात. तिथला प्रेक्षक पंचाला नावानं ओळखतो, त्याचा गेल्या हंगामातला निर्णय काढून दाखवतो. ही जाण मौल्यवान आहे. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. पण याच गर्दीचा ताण पंचावर किती पडतो, याचाही अभ्यास झालेला आहे.

इंग्लंडमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० पंचांना एकाच सामन्याची चित्रफीत दाखवली गेली. निम्म्यांना प्रेक्षकांच्या आवाजासह, निम्म्यांना आवाजाविना. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. चित्र तेच, नियम तेच. कानावर पडलेल्या ओरडीनं निर्णय झुकला. स्पेनच्या लीगवरचा २००५ चा अभ्यास त्याहून बोलका आहे. यजमान संघ एका गोलानं मागे असेल तर पंच सामन्याच्या शेवटी भरपाईचा वेळ जास्त देतात, पुढे असेल तर कमी, असं त्यात दिसलं. कुणी पैसे दिले नव्हते, कुणी धमकावलंही नव्हतं. हजारो माणसं एकाच दिशेनं ओरडायला लागली की माणूस नकळत तिकडे कलतो. २०२० मध्ये कोरोनामुळे रिकाम्या मैदानांवर सामने झाले तेव्हा पाहुण्या संघांना मिळणाऱ्या पिवळ्या कार्डांचं प्रमाण घटलं. म्हणजे पंच पक्षपाती असतो हा चाहत्यांचा आरोप पूर्ण खोटा नाही. फक्त त्या पक्षपाताचा उगम बहुतेक वेळा आरोप करणाऱ्यांच्याच घशात असतो.

आता खेळाडूच्या यशाकडे येऊ, कारण टपरीवरची चर्चा पंचावरून अर्ध्या मिनिटात तिकडेच वळते. ‘मेस्सीचे गोल? सगळ्या पेनल्ट्या!’ आकडे बघू. २०२२ च्या विश्वचषकात मेस्सीचे ७ गोल, त्यांतले ४ पेनल्टीवर. एम्बापेचे ८, त्यांतले २ पेनल्टीवर. पेनल्ट्या वजा केल्या तर मेस्सी ३, एम्बापे ६. इथपर्यंत टीकाकार बरोबर आहेत. पण गोल झालेल्या त्या चारही पेनल्ट्या मेस्सीनं स्वतः मिळवल्या नव्हत्या. क्रोएशियाविरुद्ध हुलियान आल्वारेझ गोलरक्षकाला धडकून पडला होता, अंतिम सामन्यात डी मारियाला डेंबेलेनं पाडलं होतं. ज्या पेनल्टीसाठी फाउल खुद्द मेस्सीवर झाला होता, त्या पोलंडविरुद्धच्या पेनल्टीवर तो चुकला. आता त्या चार गोलांचं श्रेय कुणाचं? फटका मारणाऱ्याचं, पडणाऱ्याचं, की त्याला तिथे पास देणाऱ्याचं? क्रोएशियाविरुद्धच्या पेनल्टीवर लुका मॉद्रिचनं पंचांवर उघड टीका केली. मॉद्रिचचं मत ग्राह्य धरलं तर मेस्सीचा एक गोल कमी होतो, आणि एका पंचाच्या मतावर एका खेळाडूचं यश लहान-मोठं होतं. गोल दुर्मीळ असल्यामुळे हे घडतं. पेनल्टीची शिट्टी सामन्यात जितकी जड, तितकीच ती खेळाडूच्या नावापुढच्या आकड्यातही जड असते.

म्हणून खेळाडूची तुलना करताना गोलांच्या जोडीला तीन प्रश्न तरी विचारावेत. किती सामन्यांत? कोणत्या संघाविरुद्ध? त्यातले पेनल्टीवर किती? सुनील छेत्री जून २०२४ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याचे १५१ सामन्यांत ९४ गोल होते (पुढच्या वर्षी तो परत आला). त्यावर ‘दुबळ्या संघांविरुद्ध केले’ असं म्हणणारे असतात. त्यातले काही तसे होतेच. पण भारत ज्या पातळीवर खेळतो तिथे त्याला प्रतिस्पर्धी निवडायची सोय नव्हती, आणि दोन दशकं सुमारे दर दीड सामन्याला एक गोल करत राहणं हे नशिबानं होत नाही. नशीब एका सामन्यात दिसतं. दीडशे सामन्यांत ते दोन्ही बाजूंना सारखं वाटलं जातं आणि खाली उरते ती कुवत.

कुस्तीत हा हिशोब सोपा आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरीनं २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरीचा किताब मिळवला. समोर एकच पहिलवान, पाडणारा एकच, श्रेय वाटून घ्यायला दुसरा कुणी नाही. त्याच्याआधी नरसिंग यादवनं सलग तीनदा तो मिळवला होता. दोघांत थोर कोण, यावर जळगाव जिल्ह्यात रात्र घालवता येईल, पण निदान चर्चेचं सामान स्वच्छ आहे. फुटबॉलमध्ये अकरा जण खेळतात आणि बचावपटूच्या यशाला आकडाच नसतो. ज्या ठिकाणी तो आधीच जाऊन उभा राहिला म्हणून पास गेलाच नाही, तो न गेलेला पास कुणी मोजत नाही. चर्चेत त्याचं नाव फक्त चूक केल्यावर येतं. त्या बाबतीत बचावपटू आणि पंच यांची गत सारखीच.

चर्चा थांबवा असं मी म्हणणार नाही. खेळ बघणाऱ्याला मत असायलाच हवं. सुधारणा दुसऱ्या टोकाकडून हवी आहे. २०२३ च्या महिला विश्वचषकात, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये, पंचांनी व्हीएआर बघून दिलेला निर्णय कारणासह ध्वनिक्षेपकावर सगळ्या मैदानाला सांगितला. क्रिकेटमध्ये तिसरा अंपायर काय बघतोय हे आपण टीव्हीवर ऐकतोच. कारण ऐकल्यावरही माणूस असहमत राहतो, पण मग तो कारणाशी भांडतो. कारण न सांगितल्यास तो पंचाच्या हेतूशी भांडतो, आणि हेतूच्या भांडणाला शेवट नसतो.

आपल्याकडे जत्रेतल्या दंगलीला निवेदक असतो, माइक असतो, मोठा कर्णा असतो. जोड कोणती, इनाम किती, देणगी कुणाची, हे सगळं त्यावरून पुकारलं जातं. तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेतही असतो. वादाच्या निर्णयानंतर तोच माइक अर्धं मिनिट पंचाच्या हाती द्यायला काहीच खर्च येत नाही: डावा खांदा टेकला, उजवा टेकला नाही, म्हणून कुस्ती चालू. येत्या हंगामात एखाद्या गावच्या पंचकमिटीनं एवढं करून बघावं.